बंद दाराआडचं बोलणं

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

सकूचा आवाज आहे! कुठेतरी आहे. पुसलेला नाही.

सकाळपासून डोक्यात दुसरं काही नाही. भात झोडायला माणसं आली होती, त्यांना चहा द्यायचासुद्धा विसरलो.

झालं असं — काल शहापूरच्या दवाखान्यातून कमिटीचे कागद आले. एथिक्स कमिटीचे. दवाखान्यात कुठलंही संशोधन करायचं तर आधी ही कमिटी बसते. माणसाला नीट विचारलंय का, त्याची फसगत होत नाही ना, ते बघते. डॉक्टर असतात, वकील असतात, आणि एक साधा माणूस लागतो. तो मी! दोन वर्षांपूर्वी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, "साहेब, मी एसटीचा कंडक्टर. मला यातलं काय कळणार?" ते म्हणाले, "कमळाकर, तुम्हाला कळलं नाही तर पेशंटलाही कळणार नाही. कळलं की नाही एवढंच तुम्ही सांगायचं."

तर कागदात लिहिलंय — चार वर्षांपूर्वी किन्हवलीला खोकल्याचं शिबिर झालं, त्यात लोकांचे आवाज घेतले होते. ते आता दुसऱ्या कामाला वापरायचेत. पेशंटला फोन करणारं यंत्र बनवायचंय. आपल्याकडच्या बोलीत बोलणारं. गोळ्या घेतल्या का, दम लागतो का, असं विचारणारं. शहरी आवाजातला फोन आला की लोक कापतात म्हणे. ते खरंच आहे. मीही कापतो.

किन्हवलीचं शिबिर! बायकोला — सकूला — मीच घेऊन गेलो होतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सगळं आठवून लिहून ठेवतो.

शाळेत शिबिर होतं. आधी छातीचा फोटो, मग नळीत फुंकर मारायची. शेवटी एकेकाला वर्गात बोलवायचे. आत फक्त एक मुलगी — योगिनी, दवाखान्यातली संशोधनवाली — आणि आवाज टिपायचा फोन. आधी खोकून दाखवायचं. मग मनात येईल ते बोलायचं, कितीही वेळ. बोलता बोलता श्वास कुठे तुटतो, त्यावरून दुखणं ओळखता येतं का, हा त्यांचा अभ्यास. बायका बिचकत होत्या. तेव्हा योगिनीनं पायरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं — "आत जे बोलाल ते घरच्यांना, गावाला, कुणालाही कळणार नाही. अभ्यासाला आमी तेवढे ऐकू." मग दार लावून घ्यायची.

सकू आत गेली ती लवकर येईना. मला धाकधूक. दम तर नाही लागला? आली तेव्हा पदरानं डोळे पुसत होती, आणि हसत होती!

"काय बोललीस गं एवढं?"

"तुमाला कशाला? तुमचीच कागाळी केली."

येताना जीपमध्ये खिडकीतून बाहेर बघत राहिली. सरळगाव येईपर्यंत गप्प. मीही विचारलं नाही. म्हटलं, विचारू कधीतरी निवांत.

पुढच्या पावसाळ्यात गेलीच.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

फोटो आहेत. आवाज नाही. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ आहे, त्यात सकू पाळण्याची दोरी धरून गातेय. ओठ हलताना दिसतात. मागं स्पीकरवर धांगडधिंगा! लेकीनं, दिपालीनं, मुंबईच्या कुणाकडून तरी तो आवाज वेगळा काढता येतो का विचारलं होतं. नाही जमलं.

आणि आवाजच तर होता तिचा! लग्नाआधीची गोष्ट. मी तिला आधी ऐकली, मग पाहिली. डोळखांबच्या गाडीवर होतो तेव्हा. मी घंटी मारलेली, गाडी सुटलेली, आणि मागून शेतातून हाक — "ओ कंडक्टर! थांबा वाईच!" इंजिनाच्या वरून ऐकू यायची. ड्रायव्हर म्हणायचा, बघ, आली तुझी काकडीवाली. डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन बांधावरून पळत यायची आणि चढल्यावर मलाच दटावायची — "एवढी काय घाई असते गो तुमच्या गाडीला!" गाडीलाही गो!

लग्नानंतरही तसंच. मुक्कामी गाडी असली की मी दुसऱ्या दिवशी सकाळी यायचो. स्टँडवरून घराकडे वळलो की दोन घरं आधीच तिचं बोलणं कानावर यायचं. कोंबड्यांशी, शेजारणीशी, नळाशी. आत जायच्या आधीच घर आल्यासारखं व्हायचं.

चुलीच्या धुरानं छाती खाल्ली तिची. मग वाक्य अर्ध्यावर तुटायला लागलं. शेवटी शेवटी नुसती बोटानं दाखवायची — पाणी, खिडकी.

आता आठवायला बसलो की तो शेवटचाच आवाज येतो, तुटका. बांधावरचा येत नाही. कितीदा डोळे मिटून बसतो. नाही येत.

सोमवार, १० नोव्हेंबर

अमोलचा फोन. हे फोनवालं यंत्र बनवणारा तोच पोरगा. मागच्या मिटिंगला आला होता तेव्हा ओळख झालेली. चांगला आहे, मोठ्यांशी अदबीनं बोलतो. मी आपलं सहज म्हणून गेलो की माझी मंडळीही त्या शिबिरात होती.

"काय सांगता काका! मग त्या असणारच यात. नावं नसतात, नंबर असतात, पण शोधता येतं." जरा थांबून — "तुम्हाला ऐकायचंय का? मी घेऊन येतो ना. बुधवारी आटगावलाच उतरणार आहे. कोणाला सांगायची गरज नाही."

मी हो म्हणालो. लगेच!

मिटिंग पुढच्या मंगळवारी आहे. मला त्यात हो की नाही सांगायचंय. हे तेव्हा डोक्यात आलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आलं होतं. तरी हो म्हणालो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दाढी केली. इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. मुलगी बघायला चाललो असतो तरी इतकं केलं नसतं!

बुधवार, १२ नोव्हेंबर

आटगाव स्टेशनच्या बाकावर बसलो. ऊन चांगलं होतं. अमोलनं लॅपटॉप मांडीवर उघडला, कानाला लावायचं ते माझ्या हातात दिलं. मोठं, काळं, मऊ गाद्यांचं. मी ते धरून बसलो.

"लावू का काका?"

मी सहज विचारलं, "तुम्ही ऐकलंय का हे?"

"हो, ऐकावंच लागतं. कुठे काय बोललंय ते लिहून काढतो ना आम्ही. चार-पाच जण आहोत. मावशी फार छान बोलल्यात. मध्ये एका ठिकाणी तर आम्ही सगळे —"

तो थांबला. माझ्या तोंडाकडे बघून थांबला असणार.

चार-पाच जण! सकू त्या बंद दाराआड जे बोलली, डोळे पुसत आली, मला सांगितलं नाही — ते मुंबईच्या कुठल्याशा इमारतीत बसून चार-पाच पोरांनी ऐकलं. 'छान' म्हणाले!

"तिला माहीत होतं का, तुम्ही ऐकाल?"

"काका, तेव्हा आमचा प्रोजेक्टच नव्हता. दवाखान्यानं आत्ता चाचणीपुरतं दिलंय आम्हाला."

"म्हणजे नव्हतं माहीत."

तोही कानकोंडा झाला बिचारा. त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं. म्हाताऱ्याला बायकोचा आवाज ऐकवावा, एवढंच. खरंच एवढंच होतं त्याच्या मनात.

मी ते कानाचं परत दिलं. तो म्हणाला, "एकदाच ऐका ना, काका. इतके लांब आलात."

उठलो. स्टेशनबाहेर जीप भरत होती, तीत जाऊन बसलो. जीप सुटेपर्यंत तीनदा वाटलं उतरावं. तो अजून बाकावरच बसलेला दिसत होता.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मूर्खपणा केला का? मूर्खपणाच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मिटिंग झाली.

आवाजांचा विषय आला तसा मी उभा राहिलो. म्हटलं, माझी बायको सकूबाई त्या आवाजांत आहे. मी यात मत देऊ शकत नाही. आणि अमोलनं मला ऐकवायची तयारी दाखवली होती, मी आटगावपर्यंत गेलो होतो, हेही सांगितलं. त्याचं नाव घेताना वाईट वाटलं. पण गेलो मीच होतो ना.



मग माधुरीताई — वकील आहेत, कल्याणला कोर्टात असतात, माझ्यापेक्षा वयानं लहान पण सगळे ताईच म्हणतात — त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबायचं, नियम आहे. पण जायच्या आधी घरचा माणूस म्हणून सांगा. काय झालं होतं त्या दिवशी?"

मी सांगितलं. पायरीवर योगिनी काय म्हणाली ते. घरच्यांना कळणार नाही, अभ्यासाला आम्ही तेवढे ऐकू. "त्या शब्दावर बायका आत गेल्या," म्हटलं. "नाहीतर माझी बायको परक्या माणसापुढं डोळे पुसणारी नव्हती."

योगिनी भिंतीला खुर्ची लावून बसली होती. तिनं मान खाली घातली. मग स्वतःच म्हणाली — "हो. मी म्हणाले होते तसं."

बाहेर व्हरांड्यात बसलो. समोर औषधाच्या खिडकीवर रांग. एका म्हातारीला गोळ्या कधी घ्यायच्या ते कळत नव्हतं, ती परत परत विचारत होती. खिडकीतली पोरगी घाईत. म्हटलं, हिला घरी फोन करून आपल्या भाषेत सांगणारं कुणी असतं तर? म्हणजे ते यंत्रही काही वाईट नाही. मग वाईट काय आहे? बराच वेळ तेच घोळत राहिलं.

तासाभरानं बोलावलं. ठरलं ते असं: आवाज चाचणीला दिले तेच चुकलं, ते परत घ्यायचे. जे हयात आहेत त्यांना पुन्हा विचारायचं. जे गेले त्यांच्या घरी जाऊन विचारायचं. घरच्यांनी हो म्हटलं तरच बोलणं यंत्राला. नाही म्हटलं तर पुसायचं. आणि घरच्यांना ते ऐकता येणार नाही.

शेवटचं वाक्य वाचून दाखवताना माधुरीताईंनी माझ्याकडं बघितलं. "मेलेल्या माणसाच्या आवाजाचं काय, हे कायद्यात मला कुठं सरळ सापडलं नाही," म्हणाल्या. "पण शब्द दिला होता. तो त्या गेल्या म्हणून संपत नाही."

मीच सांगितलं होतं ना ते! माझ्याच तोंडानं दार लावून आलो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दिपालीला फोन केला. भातसानगरला असते, जावई धरणावर नोकरीला. सगळं सांगितलं. मग —

"म्हणजे आईचा आवाज तुमच्या हातात होता आणि तुमी परत दिला?"

"अगं, तिला शब्द दिला होता त्यांनी."

"तिला विचारलं असतं तर ती नाय म्हणाली असती का? मला? माज्यासाठी?"

ठेवून दिला फोन. मी परत केला नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

भात घरात आलं. कणग्यांच्या वासानं घर भरलंय. या दिवसांत सकू नव्या तांदळाची भाकरी करायची, पहिली मला, गरम, फुगलेली. "बोट लावून बघा, चटका बसला पायजे!" हे शब्द आठवतात. चाल आठवत नाही. शब्द म्हणजे आवाज नव्हे, हे आता कळायला लागलंय.

मंगळवार, ९ डिसेंबर

योगिनी घरोघर फिरतेय. दोन-तीन पाडे तिला सापडेनात. अध्यक्ष डॉक्टरांना विचारून तिनं मला वाट दाखवायला घेतलं. "काका, तुमी फक्त घर दाखवा. बोलायचं काम माझं."

धोंडीबाईकडे गेलो. डोळखांबच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी घर. माझ्या गाडीनं कैक वर्षं येणं-जाणं केलेली बाई. मला ओळखलं — "कंडक्टर ना तू? पिकलास रे!" नागलीची भाकरी आणि चटणी पुढं ठेवली, खाल्ल्याशिवाय बोलू देईना.

तिचा एकुलता एक पोरगा, नथू. खडीच्या खाणीवर होता. धुळीनं छाती गेली. शिबिराला आला तेव्हा तिशीचाही नव्हता. दुसऱ्या वर्षी गेला.

योगिनीनं सगळं समजावून सांगितलं. चांगलं सांगते, सावकाश. म्हातारी ऐकत होती. शेवटी एकच विचारलं —

"माजा नथू बोलतो त्यात?"

"हो आजी."

"मंग लाव. आयकू दे."

योगिनी म्हणाली, नाही ऐकवता येत. त्याला तसं सांगितलं होतं, घरच्यांना कळणार नाही म्हणून.

"मी त्याची आय हाय गो. माज्यापासून काय चोरायचं?"

योगिनीच्या डोळ्यांत पाणी. ती माझ्याकडं बघायला लागली. मी भाकरीकडं. हा नियम माझ्याच सांगण्यातून झालेला. मी स्वतःपुरतं दार लावलं म्हणून समजत होतो. ते या म्हातारीच्या तोंडावरही लागलं!

बराच वेळ ती चुलीत फुंकत बसली. मग पाठमोरीच म्हणाली —

"बरं, बोलना नको. पोरगा मोठा झाला होता, आसल काय मनात. पन खोकला? खोकला तरी आयकू दे. तो तर माजाच हाय. तो खोकायचा आन् मी उठायची."



बुधवार, १० डिसेंबर

माधुरीताईंना फोन केला. म्हटलं मी कमिटीतला म्हणून बोलत नाही, धोंडीबाईचा निरोप्या म्हणून बोलतोय. खोकल्याचं सांगितलं.

"हा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नाही आला," म्हणाल्या. "शब्द बोलण्याबद्दल होता. खोकला तर सगळ्या आळीनं ऐकलेला असतो. कमिटीपुढं ठेवते."

सोमवार, १५ डिसेंबर

कमिटी बसली. मी अर्थात बाहेर. मंजूर! घरच्यांनी मागितला तर खोकला ऐकवायचा. बोलणं नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

आज योगिनी माझ्याकडे आली. इतरांकडे जाते तशीच, कागद घेऊन. ओटीवर बसली. मला म्हणाली, "काका, तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी मी सगळं वाचून दाखवणार." वाचलं. मीही सगळं ऐकलं.

सकूचं बोलणं यंत्राला द्यायचं का? दिलं तर यंत्र तिची बोली शिकेल. उद्या कुणा आजारी बाईला फोन येईल — जेवलीस का गो, गोळी घेतलीस का गो. सकूला ते आवडलं असतं! साऱ्या आळीची वास्तपुस्त करणारी बाई. एक मन म्हणत होतं, दे.

पण द्यायचं म्हणजे पुन्हा कुणीतरी ऐकणार. लिहून काढणार. छान म्हणणार. आणि ती काय बोलली हे मला माहीत नाही. जे मला माहीत नाही, ते मी कसं देऊ? माझं असतं तर दिलं असतं.

खोकला दुखणं ओळखायला राहू द्या म्हटलं. त्यासाठीच तर तिनं दिला होता. बोलणं पुसा.

"नक्की ना काका? पुसलं की परत येत नाही."

"नक्की."

लिहिताना सोपं वाटतंय. तेव्हा नव्हतं. योगिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. माझ्याच घरातला तांब्या मला!

जाताना पायरीवर थांबली. "मी ऐकलंय ते," म्हणाली. "समोर बसून. सांगणार नाही. पण मी विसरणारही नाही, एवढं चालेल ना?"

मी मान हलवली.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दिपाली आली, पोराला घेऊन. भांडायलाच आली. पुसायला सांगितलं हे तिला कळलं होतं.

"मला विचारायचं तरी, बाबा. ती माझीही आई होती."

हे खरं. विचारायला हवं होतं. मी तसं म्हणालो. ती रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं झटकला, मग थोड्या वेळानं तशीच माझ्या खांद्याला टेकून बसली. लहानपणी रुसली की सकू तिला दारामागून काढून आणायची, मला ते कधी जमलं नव्हतं.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम म्हणाली, "मी पण आईला खूप काही सांगितलेलं, बाबा. लग्नाच्या आधी. तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. तिनं कधी सांगितलं?"

"नाही."

"हां," म्हणाली. तव्यावरची भाकरी उलटली. दोन दिवस राहिली.

मंगळवार, ३० डिसेंबर

योगिनीचा फोन. पुसलं.

दिवसभर ओटीवर बसलो. येणारे-जाणारे रामराम करत होते, मी हात वर करत होतो. पुन्हा एकदा गेल्यासारखं झालं. मात्र या वेळी मी धाडलं.

मंगळवार, ६ जानेवारी २०२६

धोंडीबाईला दवाखान्यात आणलं. मीच गेलो घेऊन, एसटीनं. नवं लुगडं नेसून आलेली. योगिनीनं खोलीत बसवलं, कानाला लावलं. मी बाहेर निघालो तर म्हातारीनं हात धरला. "बस रे. तुज्यापासून काय हाय?"

मला ऐकू येत नव्हतं, मी तिचा चेहरा बघत होतो. आधी काहीच नाही. मग दचकली. हात छातीशी नेला. आणि उठायला लागली! खरंच, खुर्चीतून अर्धी उठली — पाणी द्यायला!

मग बसली. "हाच," म्हणाली. "हाच माजा नथू. सुकाच खोकायचा."

"आजी, परत लावू?"

"लाव."

किती वेळा लावलं कोण जाणे. योगिनी एकदाही थांब म्हणाली नाही. येताना गाडीत म्हातारी खिडकीला डोकं टेकून झोपली. गाढ. तिचं गाव आलं तरी उठवावंसं वाटेना.

शुक्रवार, ९ जानेवारी

दवाखान्यात दिपाली आणि मी. एक वायर तिच्या कानात, एक माझ्या. सकू खोकली. तीच! खोल, आणि शेवटी बारीक शिटी. दिपालीनं माझा हात घट्ट धरला. खोकला संपला, योगिनी बंद करणार इतक्यात — धाप टाकत, पण तिचाच, भरलेला आवाज — "बोलते गो पोरी. आधी आमच्या ह्यांना खुर्ची दे. उनात उभे हायेत. बसा म्हटलं तर बसायचे नाय." टक्. संपलं.

योगिनी आमच्याकडं बघत राहिली. खोकल्याच्या शेपटाला एवढं राहून गेलंय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

शिबिराच्या दिवशी वर्गातून एक खुर्ची आली होती बाहेर. मी बसलो होतो तिच्यावर. मला वाटलं, सगळ्यांनाच देतात.